राजाची दोरी आणि केवडाचं बाळंतपण

एक होता राजा. राज्य केवढं? एका टोकाला लोक न्याहारीला बसत, तेव्हा दुसऱ्या टोकाला दिवेलागण होई. एवढं मोठं, बरं का! एका अंगाला बर्फाचे डोंगर, एका अंगाला वाळवंट, उरलेला सगळा समुद्र. तरी राजाला आपली धास्ती. कोणी घुसलं तर? मग त्यानं एका बैराग्याकडून मंतरलेली दोरी आणली आणि राज्याभोवती फिरवली. बर्फातून, वाळूतून, पाण्यावरूनसुद्धा. बाहेर जाणाऱ्याला दोरी अडवत नसे. आत येणाऱ्याला मात्र विचारी, "घर कुठलं?" घर आतच असेल तर वाट देई, नाहीतर ताडाएवढी उभी राही. खोटं तिला चालत नसे.

आता राजाची एकुलती लेक केवडा, तिला दिलेली डोंगरापलीकडे. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दोरी बांधताना राजाच्या ध्यानातच आलं नाही. राजे असेच असतात. केवडा मेण्यातून डोंगरावर आली.

दोरीनं विचारलं, "घर कुठलं?"

"एक आत, एक बाहेर," केवडा म्हणाली.

दोरी उभी राहिली. मग केवडा वळसा घालून वाळवंटात गेली. तिथेही तेच. हे वाड्यात कळलं तशी राणी रडत राजाला म्हणाली, "अहो, काढा ती मेली दोरी!"

"आज लेकीसाठी काढली, तर उद्या सगळेच येतील," राजा म्हणाला.

मग केवडा होडीतून समुद्राकडून आली. दिवस भरलेले. किनाऱ्यावर आई-बाप दिसत होते आणि मध्ये दोरी आडवी. तिथेच तिला कळा सुटल्या.

राणीनं मागचापुढचा विचार केला नाही. सुईणीला घेऊन होडीत बसली आणि दोरीबाहेर गेली. राजा एकटाच उरला. एवढं मोठं राज्य, पण त्यात आपलं माणूस नाही. फार वाईट वाटलं हो त्याला. इतक्यात पाण्यावरून बाळाचं रडणं ऐकू आलं. राजानं जोडे काढले आणि तसाच पोहत होडीपाशी गेला. नातीला मांडीवर घेतलं. मग होडी किनाऱ्याकडे वळली. दोरी वर आली.

"घर कुठलं?"

राजानं नातीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. म्हणाला, "एक आत, एक बाहेर."

"तुझंच असं, तर मी राखू कोणासाठी?" दोरी म्हणाली आणि तळाला गेली. डोंगरावरची, वाळूतलीही सैल पडली.

मग आले का सगळे? त्या वर्षी गावोगावच्या लेकी माहेरी आल्या. बाकी कोणी आलं नाही. सगळी सुखात राहिली. आता तुम्हीही डोळे मिटा. आणि पांघरुणात लाथा कोण मारतंय रे?