दत्तारामची गाठ आणि सुलोचनेचा भात

आंबेखोलच्या सातेरी देवीपुढे सुलोचना एकदा नवस बोलली. नवऱ्याच्या मानेवरची गाठ निघेपर्यंत भाताचं शीत तोंडात घालणार नाही. कोकणात भात सोडायचा म्हणजे काय, ते कोकणातल्यालाच ठाऊक. ती नाचणीची भाकरी चावायची आणि शेजारच्या पेजेचा वास घ्यायची.

गाठ ज्याच्या मानेवर होती तो दत्ताराम म्हणजे गावातला सगळ्यात भोळा जीव. "जरा दाराकडे बघा हो," सांगून सुलोचना विहिरीवर गेली, तर हा दाराकडेच बघत बसला. गाय अंगणातले पापड खाऊन गेली. दार मात्र जागेवर होतं.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी गाठ दाबून पाहिली. चरबीची आहे, थोडी भूल देऊ, सकाळी या, दुपारी घरी जा, म्हणाल्या. फक्त मंगळवारी उपास धरून यायचं.

मंगळवारी दत्ताराम साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि चार केळी खाऊन हजर. खिचडीत हळदसुद्धा नव्हती, उपास अगदी शुद्ध होता. बाईंनी परत पाठवलं. भुलीला पोट रिकामं लागतं, पुढच्या खेपेला तोंड मिटून या, असं बजावलं.

दुसऱ्या मंगळवारी तो तोंड मिटून आला. नर्सनं नाव विचारलं, बोलला नाही. कुठे दुखतं विचारलं, बोलला नाही. दाढ असेल म्हणून तिनं त्याला शेजारच्या दातांच्या डॉक्टरकडे धाडलं. तिथे दोन माणसं लागली, तरी ओठ उघडले नाहीत. तोवर इकडे नंबर गेला. बाईंनी कपाळाला हात लावला. "स्वतःचं डोकं चालवू नका. तयारी बायकोवर सोपवा, आणि विचारलं की उत्तर द्या."

तिसऱ्या मंगळवारी दोघं आली. सगळं सुखरूप पार पडावं म्हणून सुलोचनेनं पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. पहाटेच ती देवीची ओटी भरून आली होती.

"उपास केला?" बाईंनी विचारलं.

"कडक. पाणीसुद्धा नाही," दत्ताराम म्हणाला, आणि त्यानं ढेकर दिला.

चौकशीअंती सहा आंबोळ्या निघाल्या.

"अहो, उपास केला म्हणालात ना?"

"केलाय की, हिनं. वटपौर्णिमेला हीच करते, हरितालिकेला हीच करते. फळ मला मिळतं."

चौथ्या मंगळवारी सुलोचनेनं आदल्या संध्याकाळपासून स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. गाठ अर्ध्या तासात निघाली.

घरी येताच तिनं टोपभर भात रांधला. वाटीभर नैवेद्य घेऊन देवळात गेली, देवीला हात जोडले, आणि भुकेली घरी आली. टोप चाटूनपुसून लख्ख.

"भात कुठाय हो?"

"खाल्ला."

"सगळा?"

"तुझ्यासाठीच," दत्ताराम मान जपत म्हणाला. "माझ्या नावचा उपास तू केलास, फळ मला मिळालं. तुझ्या नावचा भात मी खाल्ला. पोट भरलं ना तुझं?"

सुलोचनेनं त्याच्या मानेवरची पट्टी सारखी केली आणि दुसरं आदण ठेवलं. भात शिजून ताटात पडेपर्यंत ती चुलीपासून हलली नाही.

बायांनो, तुम्हीही असाच मनापासून नवस बोला. देवी ऐकते. आणि फेडायच्या दिवशी तिच्यासारखंच करा, टोपाजवळून उठू नका.