बर्फाच्या देशाच्या नोटा

प्राणीही माणसांसारखे छंद जोपासायचे, त्या काळची ही गोष्ट. कुरतडराव उंदरांना शोभेच्या नोटा जमवायचा भारी नाद होता. कुठल्याच बाजारात न चालणाऱ्या त्या नोटांवर बर्फाचे डोंगर, पांढरी अस्वलं आणि पेंग्विन छापलेले होते. बीळ नोटांनी गच्च भरलं, आणि त्याच हिवाळ्यात त्यांची बायको ठकी बाळंत झाली. उघडी पिल्लं गार मातीवर कुडकुडू लागली.

"अहो, किती वेळा सांगू? थोड्या नोटा कुरतडा, पोरांना अंथरूण करू," ठकी वैतागून म्हणाली.

"वेड लागलंय का तुला? नुसती घडी पडली तरी नोट वाया जाते!"

ठकीने कपाळाला हात लावला. या माणसापुढे डोकं तरी किती फोडायचं! शेवटी तिने समोरच्या नोटेकडे बोट दाखवलं. "या पेंग्विनच्या पायांवर काय आहे हो?"

कुरतडराव एकदम खुलले. "पिल्लू! त्याला बर्फाचा गारठा लागू नये म्हणून पायांवर घेऊन, पोटाखाली झाकून उभा राहतो. उपाशी राहील, पण हलणार नाही. बाप आहे तो..."

बोलता बोलता त्यांची नजर मातीवर कुडकुडणाऱ्या आपल्या पिल्लांवर गेली. कुरतडरावांनी ती नोट उचलली आणि डोळे मिटून कुरतडायला घेतली.