बोनसचे नऊ गुण

“...मग मी काय करू, बुवा? राहू का जाऊ?”

कल्पेशने तिसऱ्यांदा विचारलं.

हिराजीबुवा मैदानावर फक्की मारत होते. मुठीत चुना धरायचा, बोटांच्या फटीतून सोडत उलट्या पावलांनी मागे मागे सरकायचं. दोरी नाही, खुंटी नाही. वय एक्याऐंशी. पाठ कमानीसारखी वाकलेली. पण रेघ बघाल तर अशी सरळ, की बघणाऱ्याने उगाच पाऊल जपून टाकावं.

“बुवा, ऐकताय ना?”

“ऐकतोय रे. कान मोकळेच आहेत. हात तेवढे कामात आहेत.”

कल्पेश ठाकूर म्हणजे कोलवट गावचा चढाईपटू. चोवीस वर्षांचा गडी. मांडी अशी, की पकडायला दोघं लागावेत. चढाईला निघाला की समोरचे सात जण आपोआप दोन पावलं मागे जायचे. जिल्ह्यात त्याचं नाव होतं. आणि त्याच्या संघाचं, म्हणजे वाघेश्वर क्रीडा मंडळाचं नाव... होतं, एवढंच म्हणायचं. पाच वर्षांत दुसऱ्या फेरीच्या पुढे गेला नव्हता तो संघ.

आता मुंबईहून निरोप आला होता. तिथल्या एका कंपनीचा संघ. नोकरी, राहायला खोली, मॅटवरचा सराव, सगळं देणार होते.

आणि इकडे मंडळाने ठरवलं होतं, कल्पेशकडून शब्द घ्यायचा. कोलवटची रीत अशी, की हंगामाच्या पहिल्या सकाळी मारुतीपुढे नारळ ठेवायचा. ज्याने तो उचलला तो त्या वर्षी दुसऱ्या कुणाकडून खेळत नाही. लिहून काही घ्यायचं नाही, पण उचललेला शब्द गावात आजवर कुणी मोडलेला नव्हता. या वेळी कल्पेशने एका वर्षासाठी नाही, पाच वर्षांसाठी उचलावा, असं मंडळाचं म्हणणं होतं.

ती सकाळ उद्याची होती.

“मुंबईला जायचं म्हणतोस?” बुवांनी विचारलं.

“म्हणत नाही अजून. तुम्हालाच विचारायला आलोय.”

“जा की मग. मी कुठे आडवा पडलोय?”

कल्पेशला हे अपेक्षित नव्हतं. बुवा थांबवतील, दोन शब्द सुनावतील, मग आपण आपलं म्हणणं मांडू, असं तो घरून ठरवून आला होता. न सुनावल्यामुळे त्याची अडचण झाली.

“तसं नाही, बुवा. पण तुम्हीच बघा ना. आमचा डावा कोपरा म्हणजे उघडं फाटक. येणाऱ्याने यावं, जाणाऱ्याने जावं. उजव्या कोपऱ्याला विश्राम. तो पकड करतो का समोरच्याला मिठी मारून भेटतो, तेच कळत नाही.”

बुवा हसले. तोंडात दोनच दात, पण हसू भरपूर.

“आणि मधले?”

“मधले उभे असतात.”

“बरं.”

“एकटा माणूस किती ओढणार? परवाचाच हंगामाआधीचा सामना घ्या. चौतीस-तेवीसने हरलो. आमच्या तेवीसमधले सोळा माझे. सोळा, बुवा! बाकीच्या सहा जणांनी मिळून सात.”

“सोळा,” बुवा म्हणाले. त्यांनी मूठ झटकली, धोतराला हात पुसले आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. “भारी खेळलास. मी बघत होतो. तो उडी मारून निसटलास ना, दोघांच्या डोक्यावरून... माझ्या उभ्या हयातीत तसं कुणाला जमलेलं बघितलं नाही. मलाही नाही जमलं कधी.”

कल्पेशची छाती जरा फुगली. बुवांच्या तोंडून असं ऐकायला गावातले गडी दहा-दहा वर्षं थांबत. एके काळी याच माणसाचा दम दोन गावांपलीकडे ऐकू जायचा म्हणे.

“त्या सोळांत बोनसचे किती?”

“नऊ.”

“नऊ.”

 मैदानाच्या कडेला कोंबडी माती उकरत होती, तिच्याकडे बुवा बघत राहिले.

कबड्डी खेळलेल्या माणसाला सांगायला नको. समोरच्या बाजूला सहा-सात गडी उभे असले, की आत खोलवरच्या बोनसच्या रेघेपलीकडे पाय टेकवून परत यायचं. कुणाला शिवायचं नाही. एक गुण मिळतो. सफाईचं काम आहे, आणि कल्पेशइतकं सफाईने ते करणारा जिल्ह्यात दुसरा नव्हता.

“कल्पेश...”

“हं?”

“आपला गडी बाद होऊन बाहेर बसलाय. मी गेलो, समोरच्याला शिवून आलो. काय होतं?”

“काय बुवा, शेंबड्या पोराला विचारताय का? आपला गडी उठतो. आत येतो.”

“आणि मी बोनस घेऊन आलो, तर?”

“गुण मिळतो.”

“गडी?”

 

“उठत नाही,” तो म्हणाला. “बोनसवर गडी उठत नाही.”

“हं.”

बुवांनी पुन्हा चुना मुठीत घेतला. दोन हात रेघ मारून झाली. मग वर न बघताच म्हणाले, “परवा तूही एकदा बाद झालास. उत्तरार्धात.”

“झालो. पाय घसरला.”

“बाहेर किती वेळ बसलास?”

“असेन पाच-सहा मिनिटं. मला तर तास वाटला.”

“मग आत आलास?”

“आलो.”

“कुणी उठवलं?”

...

कल्पेश आठवू लागला. त्याला आपले सोळाच्या सोळा गुण आठवत होते. कुठल्या पायाने गेलो, कुठल्या हाताने शिवलं, लोक कुठे ओरडले. पंचाची शिट्टीसुद्धा आठवत होती. बाहेर बसलेला असताना बाटलीतलं पाणी कोमट होतं, तेही आठवत होतं.

“उठवलं कुणीतरी,” तो म्हणाला.

“विश्रामने.”

“विश्रामने?”

“त्यांच्या चढाईवाल्याला मिठी मारून भेटला,” बुवा म्हणाले. “चांगला रेड्यासारखा गडी होता तो. विश्रामला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेलं त्याने. विश्रामने सोडला नाही. बोट निखळलं त्याचं. तिथंच उभं राहून त्याने ते ओढून बसवलं आणि दुसऱ्या हाताने तुला खूण केली. ये, म्हणाला.”

कल्पेशला ती खूण आठवली. हात वर केलेला दिसला होता. चेहरा कुणाचा होता, ते बघितलंच नव्हतं. आत जायची घाई होती.

“मला कुणी बोललं नाही बोटाचं,” तो म्हणाला.

“तो कशाला बोलेल?”

 उन्हं चढत होती. चुन्याच्या रेघा उन्हात पांढऱ्या फटक दिसत होत्या.

पण कल्पेश काही इतक्यात हार मानणाऱ्यातला नव्हता. खेळाडूच तो.

“बुवा, खरं सांगा. तुम्ही तीस वर्षं याच मंडळाकडून खेळलात. तुम्हालाही बोलावणी आली होती. गावात सगळे सांगतात. गेला असतात तर आज भिंतीवर तुमचा फोटो असता. राहून काय मिळालं तुम्हाला? रेघा मारताय.”

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. पण शब्द तर बाहेर पडला होता.

बुवांना राग आला नाही. त्यांनी आपण मारलेल्या रेघांवरून नजर फिरवली.

“सरळ आल्यात ना?”

“सरळ आल्यात, बुवा,” कल्पेश हळूच म्हणाला.

“मग चल. एक डाव टाकू.”

“आता? तुमच्याशी?”

“माझ्याशी नाही, माझ्या बाजूने. तू बाद झालायस. जा, बाहेर बस.”

कल्पेशला हसू आलं. पण बुवांचा चेहरा हसत नव्हता. तो निमूट रेघेबाहेर जाऊन मातीत मांडी घालून बसला.

बुवांनी धोतराचा काचा मारला. गुडघ्याला बांधलेली चिंधी आवळली. मैदानात जाऊन समोरच्या रिकाम्या बाजूकडे बोट दाखवलं.

“तिकडे त्यांचे सात उभे आहेत. आपल्याकडे मी आणि दोन-तीन गडी. दिसतात ना?”

“दिसतात,” कल्पेश म्हणाला. आणि खरं सांगायचं, तर त्याला ते दिसायलाही लागले.

बुवांनी खाली वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला लावला. छातीत वारा भरून घेतला. आणि निघाले.

“कबड्डी कबड्डी कबड्डी...”

आवाज फाटका होता. पाऊल मात्र... काय सांगावं! कमानीसारखी पाठ, काडीसारखे पाय, पण पाऊल मातीवर असं पडत होतं, जणू माती वाट बघत होती त्याची. डावीकडे झुकले, उजवीकडे गेले. कल्पेश नकळत गुडघ्यांवर आला. एवढी वर्षं आपण ज्याला जिल्ह्यातली नवी चाल म्हणून मिरवतो, ती ही इथे, या म्हाताऱ्याच्या टाचेत होती तर.

बुवा बोनसच्या रेघेपाशी पोचले. पाय पुढे टाकला की गुण. टाकायचा आणि फिरायचं.

त्यांनी टाकला नाही.

ते कोपऱ्याकडे वळले. जिथे पकड करणारा उभा असतो, तिथे. हात लांब केला.

“कबड्डी... कबड्डी... क...”

दम कमी पडत होता. बाहेर बसलेल्या कल्पेशला तो ऐकू येत होता, विहिरीच्या तळाला घागर घासावी तसा.

“बुवा, फिरा!” तो ओरडला. “बोनस घ्या आणि मागे फिरा!”

बुवांनी अजून एक पाऊल कोपऱ्यात टाकलं. हवेतल्या कुणाला तरी शिवले. मागे वळले. मध्यरेषा सहा पावलांवर राहिली होती.

पाच.

चार.

दम तुटला.

 बुवा कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभे राहिले. दम तुटला की चढाईवाला बाद, हा नियम. शिवलेलं सगळं वाया. तो नियम काही वय बघून बदलत नाही. ते हळूहळू चालत रेघेबाहेर आले आणि कल्पेशच्या शेजारी मातीत बसले. कल्पेश त्यांची पाठ चोळू लागला. हातांना हाडं लागत होती. 

“कशाला गेलात कोपऱ्यात?” तो जवळजवळ रागावून म्हणाला. “बोनस समोर होता. पाय टेकवून आला असतात तर वाचला असतात.”

“वाचलो असतो,” बुवा म्हणाले. धाप थांबायला वेळ लागला. “आणि तू इथेच बसून राहिला असतास.”

कल्पेशचा हात पाठीवरच थांबला.

...

“पण आता तुम्हीही बाद झालात,” तो म्हणाला.

“झालो.”

“दोघंही बाहेर.”

“दोघंही.”

कल्पेशने मैदानाकडे पाहिलं. पांढऱ्या रेघा, मध्ये रिकामी लाल माती. उद्या सकाळी तो कुठे उभा असेल, हे विचारायला तो इथे आला होता. आत्ता त्याच्या तोंडून वेगळंच निघालं.

“मग बुवा... आपल्याला आता कोण उठवणार?”

हिराजीबुवांनी गुडघ्याची चिंधी सोडली, झटकली, तिनेच तोंडावरचा घाम पुसला.

“जो अजून आत उभा असेल, तो.”