येसू तलावात क्लोरीन घालतो

वाईच्या पुढे एका गावात येसू नावाचा गडी होता. कामाला वाघ, पण असा भोळा की तुम्ही जे बोलाल तेच तो करणार. तुमच्या मनात काय होतं ते तुमच्यापाशीच.

तो सुमनकाकींच्या शेतघरावर कामाला होता. काकींनी पर्यटकांसाठी पोहायचा तलाव बांधला होता. आतून व्हिनाइलचं निळं अस्तर, टेबलावरच्या कापडासारखं पातळ. काकींच्या लेकीचं, वैजूचं लग्न तलावाच्या काठावर लागणार होतं. वरपक्षाने हुंडा मागितला नाही, मानपान मागितला नाही. फक्त म्हणाले, “फोटोत पाणी निळं दिसलं पाहिजे.”

काकी म्हणाल्या, “येसू, तलावात क्लोरीन ओत.”

“कळलं, काकी.”

येसूने पातळ क्लोरीनचा कॅन उचलला आणि एका कोपऱ्यात उपडा केला. अस्तरावर पांढरा डाग पडला, चांगला म्हशीएवढा.

काकींनी कपाळावर हात मारला. “अरे, एका जागी ओतलं की अस्तराचा रंग उडतो! काठाकाठाने फिरायचं. खाली वाकायचं. थोडं थोडं ओतत पुढे जायचं. कळलं?”

“कळलं, काकी.”

दुसऱ्या दिवशी मांडव बघायला वरपक्षाची मंडळी आली. येसूने चहाची किटली घेतली. पाहुणे गोल बसले होते. येसू काठाकाठाने फिरला. खाली वाकला. थोडा थोडा ओतत पुढे गेला. विहीणबाईंच्या पदरावर थोडा, नवरदेवाच्या गुडघ्यावर थोडा, त्याच्या मामांच्या टोपीवर थोडा.

“हे काय चाललंय?” मामा ओरडले.

“एका जागी ओतलं तर तुमचा रंग उडेल,” येसू म्हणाला.

काकी धावत आल्या. “अरे, कुणाच्या अंगावर काही उडालं तर नुसता बघत काय राहतोस? भरपूर पाणी ओतायचं! क्लोरीन उडो, चहा उडो, आधी पाणी. कळलं?”

“कळलं, काकी.”

मग हळद आली. नवरदेव पाटावर बसला. बायकांनी गाणी म्हणत त्याच्या गालाला हळद लावली. येसूने पाहिलं, माणसाच्या अंगावर काहीतरी पिवळं उडालंय, आणि सगळ्याजणी नुसत्या गातायत. त्याने बादली आणली आणि नवरदेवावर ओतली. दुसरी आणली, तीही ओतली. मग बायकांच्या हातांनाही पिवळं दिसलं, म्हणून त्याने पाइपच लावला.

विहीणबाई निथळत म्हणाल्या, “सुमनताई, आणखी एक घोटाळा झाला तर आम्ही वऱ्हाड माघारी नेऊ.”

वैजू आत जाऊन रडली. तिला तो मुलगा मनापासून आवडला होता.

काकींनी येसूला पंपाच्या खोलीत नेलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, “येसू, बाळा, तू लग्नाकडे बघूच नकोस. तलाव सांभाळ. क्लोरीन उन्हात घालायचं नाही, ऊन ते खाऊन टाकतं. संध्याकाळी पंप चालू ठेवून घालायचं. आणि हे दोन कॅन बघ. हे क्लोरीन, हे ॲसिड. ही दोघं कधीही एकत्र येता कामा नयेत. आली तर विषारी वायू होतो, माणसं गुदमरतात. जवळ येताना दिसली तर जिवावर उदार होऊन मध्ये उभा राहा. कळलं?”

“कळलं, काकी.”

आणि त्याने ते इतकं मनावर घेतलं की रात्रभर दोन कॅनच्या मध्येच झोपला.

लग्नाचा दिवस उजाडला. पाणी निळंशार दिसत होतं. डागापुढे काठावर काकींनी केळीचे खांब अशा बेताने उभे केले होते की फोटोत फक्त केळी येतील. मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाच्या एका बाजूला वैजू, दुसऱ्या बाजूला नवरदेव, दोघांच्या हातात हार, डोक्यावर रणरणतं ऊन. शेवटचं कडवं आलं. भटजी अंतरपाट काढू लागले.

“थांबा!” येसू दोघांच्या मध्ये उडी मारून उभा राहिला. “उन्हात घालायचं नाही! आणि ही दोघं एकत्र आली तर सगळे गुदमराल!”

मामांनी नाकावर धरायला आपला पंचा शोधायला सुरुवात केली.

काकींचा तोल सुटला. “अरे मेल्या, हो बाजूला! दोघांना एकत्र येऊ दे!”

येसूचे डोळे मोठे झाले. “येऊ देऊ?”

“येऊ दे म्हणते ना! आत्ताच्या आत्ता!”

“कळलं, काकी,” येसू म्हणाला, आणि पंपाच्या खोलीकडे पळाला.

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग काकींना समजलं. “धरा त्याला! झाकणं उघडू देऊ नका!” काकी धावल्या. भटजी मंगलाष्टक म्हणत म्हणतच धावले. मामा, विहीणबाई, सनईवाले, सगळे धावले. नवरदेवाचा पाय शेल्यात अडकला आणि तो केळीच्या खांबात आडवा झाला. सगळ्यांच्या पुढे वैजू.

येसू दोन्ही हातांत दोन कॅन घेऊन दारात आला. झाकणं अजून घट्ट होती. तो ती उघडायला खाली वाकणार, तेवढ्यात वैजूने लांबूनच हातातला हार फेकला. हार बरोबर त्याच्या गळ्यात पडला. तिने धावत येऊन तो खेचला, येसू जागच्या जागी थांबला, आणि काकींनी दोन्ही कॅन हिसकावले.

त्याच क्षणी भटजींच्या तोंडून धापा टाकत निघालं, “सावधान!”

सनई वाजली. पाहुण्यांनी सवयीने अक्षता टाकल्या.

येसूने गळ्यातल्या हाराकडे पाहिलं. वैजूकडे पाहिलं. मग कानापर्यंत लाजून म्हणाला, “कळलं, ताई. पण घरी बायकोला काय सांगू?”