तीन गाठींचं धनुष्य

दरीच्या काठावर, जिथलं सकाळचं धुकं संध्याकाळपर्यंत उठायला मागत नाही, अशा एका रानात एक शेकरूताई राहत असे. राहत असे म्हणजे झाडांच्या शेंड्यांवर. जमिनीला तिने जन्मात पाय लावला नव्हता. शेकरांची रीतच तशी. दरी जिथे अरुंद होत होती तिथे एक म्हातारं जांभूळ आडवं वाकून पलीकडच्या उंबराला टेकलं होतं. उंबरावर तिचं घरटं, आणि घरट्यात डोळेही न उघडलेली दोन पिल्लं. एका पहाटे ती जांभळावरून अलीकडे चरायला आली, आणि मागे असा वारा सुटला, की जांभूळ मुळासकट दरीत गेलं. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही म्हणतात. धुक्याने तो वरच्या वर गिळला.

ती ओरडली तसं अर्धं रान गोळा झालं. पोपट पलीकडे जाऊन पाहून आला. "दोघं धडधाकट आहेत ताई, पण तोंडं उघडी टाकून बसलीत. एखादं फळ नेऊ का?"

"फळ नेशील रे बाबा," ती म्हणाली, "पण दूध कसं नेशील? संध्याकाळच्या आत पोचले नाही तर..."

वानराने केवणीच्या झुडपाच्या सालीची लांबलचक दोरी वळली. पोपटाने टोक चोचीत धरून उडून पाहिलं. पण दरीतल्या वाऱ्याने दोरीचा असा झोका केला, की बिचारा उलटापालटा होऊन परत येऊन पडला. तेव्हा अस्वल म्हणालं, "धनुष्य पाहिजे. बाणाला दोरी बांधून मारायची. बाण वाऱ्याचं ऐकत बसत नाही." अस्वलाने शेताच्या राखणदारांची धनुष्यं जवळून पाहिली होती. खरं म्हणजे त्याला हवी होती त्यापेक्षा जरा जास्तच जवळून.

धनुष्याला धामणीच्या झाडाचं लाकूड लागतं. रानात वाळलेल्या धामणीच्या दोनच फांद्या होत्या : एक बऱ्यापैकी सरळ, एकच गाठ असलेली, दुसरी वाकडीतिकडी, तीन गाठींची. वानराने अर्थातच सरळ उचलली. हात चलाख त्याचे. दगडाच्या धारेने त्याने ती अशी तासली, की गाठ कुठे होती ते बोटाला कळू नये. "बघा! जशी मुळात नव्हतीच!" मित्रांनो, मी आयुष्यभर कुऱ्हाडी-कुदळींचे दांडे विकले. एक गृहस्थ दुकानात येत, दांड्यावरून रेशमावरून फिरवावा तसा हात फिरवत आणि सर्वांत गुळगुळीत असेल तो नेत. आठ दिवसांनी त्याचेच दोन तुकडे घेऊन भांडायला येत. तेव्हा वानराच्या धनुष्याचं काय झालं, ते तुम्ही ओळखलंच असेल. अस्वलाने दोरी ओढली, आणि जिथे गाठ होती तिथेच ते कडाडून मोडलं.

तो कडाका ऐकून बिळातलं म्हातारं साळिंदर जागं झालं. साळिंदरं रात्री हिंडतात नि दिवसा झोपतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. अर्धे डोळे मिटलेले, काटे अस्ताव्यस्त, असं ते धुक्यातून डुलत आलं. "कोणी उठवलं त्याला?" ते म्हणालं.

"तुम्हाला ना काका? चुकलं आमचं," पोपट म्हणाला.

"मला नव्हे रे, लाकडाला. तोडलेलं लाकूड बरीच वर्षं झोपेत असतं. आपण अजून झाडच आहोत, अंगावर पानं आहेत, वारा येतोय, असं स्वप्न बघत असतं. त्याला झोपेतच वाकवायचं, वाऱ्याने वाकवावं तसं. तुम्ही त्याची गाठ कापून त्याला दचकवलंत."

वानर हसला. "काका, तुम्हीच अजून झोपेत आहात!"

"आहे तर," साळिंदर म्हणालं. "ती दुसरी फांदी आण."

"ती? जेवून निजलेल्या सापासारखी दिसते ती! निदान टेंगळं तरी छाटू द्या."

"एकाही गाठीला हात लावायचा नाही. अरे, झाडाला तिथे फांदी फुटली होती. लाकडाच्या रेषा बघ, गाठीपाशी येऊन कशा दोन्हीकडून वळसा घालतात, पाणी दगडाला घालतं तसा. तू गाठ सपाट केलीस की त्या सगळ्या रेषा तोडतोस. मग लाकूड धरून ठेवायचं कोणी?"

वानराने फांदी पोटाशी धरली. "ताई, शेवटचं लाकूड आहे हे. झोपाळलेल्या म्हाताऱ्याच्या हाती द्यायचं का, तू सांग."

शेकरूताईने पलीकडे पाहिलं. धुक्यात उंबर कधी दिसत होता, कधी नव्हता. "गुळगुळीत करून एक मोडलंच ना दादा," ती हळूच म्हणाली. "द्या काकांना."

साळिंदर कामाला लागलं. दातांनी कुरतडताना ते रेषेच्या मागे मागे जाई. रेष वळली की तेही वळे. गाठ आली की तिच्याभोवती लाकूड जाडच ठेवी. थोडं कुरतडलं की वानराला म्हणे, "वाकव. एवढंच. सोड." पुन्हा थोडं कुरतडे. "आता मघापेक्षा बोटभर जास्त. सोड." कुरतड, वाकव, सोड. त्या लयीत सगळ्यांचेच डोळे जड झाले. कोणाला वाटे, आपण फांदी आहोत. कोणाला वाटे, अंगावर पानं आली. एकदा तर साळिंदरच लाकडात दात रुतवून घोरू लागलं. शेकरूताईने वरून एक फळ नेमकं त्याच्या नाकावर टाकलं. "काका, उन्हं उतरली हो!"

"झालंच," ते दचकून म्हणालं. दोरी चढवून त्याने एक बिनदोरीचा बाण अस्वलाला सोडायला लावला, तो कुठे जातो ते पाहिलं आणि मान डोलावली.

मग कारवीच्या सरळ काडीला साळिंदराने आपलाच एक लांब काटा बसवला, वानराने तिला दोरी बांधली. अस्वलाने उंबराच्या बेचक्यावर नेम धरला.

"तिथे नको," साळिंदर म्हणालं. "उजवीकडचा काळा कातळ दिसतो ना, त्यावर धर."

"अहो काका, उंबर डावीकडे आहे!"

"हे धनुष्य वाकडं आहे, डावीकडे ओढ घेतं. त्याचा वाकडेपणा मी घालवला नाही, नुसता माहीत करून घेतला. आता तुलाही माहीत झाला. सोड!"

दोरी ताणली गेली. तिन्ही गाठी करकरल्या, जुन्या झाडाने झोपेत कूस बदलावी तशा. पण धनुष्य मोडलं नाही. बाण कातळाच्या दिशेने निघाला, धुक्यात थोडा थोडा वळत गेला आणि उंबराच्या बेचक्यातून पार झाला. पोपट मोकळ्या चोचीने पलीकडे उडाला नि त्याने बाण बेचक्यात आडवा करून घट्ट अडकवला. अलीकडचं टोक अस्वलाने सागाच्या शेंड्याला ओढून बांधलं.

शेकरूताईने एक पाय दोरीवर ठेवला. वारा आला, दोरी हेलकावली, आणि ती धुक्यात शिरली. मग नुसतीच हलणारी दोरी दिसत राहिली. बऱ्याच वेळाने दोरी हलायची थांबली, आणि पलीकडून दोन बारीक आवाज आले. पोट भरू लागलं की येतात तसे, मध्येच तुटणारे.

वानर धनुष्यावरच्या एका गाठीवरून बोट फिरवत बसला होता. "काका," तो म्हणाला, "हिला शाबूत ठेवायला तुम्हाला दातही आवरावे लागले ना?" पण साळिंदर जिथे बसलं होतं तिथेच, धनुष्याला टेकून, केव्हाच झोपी गेलं होतं.

तात्पर्य : ज्या गाठीला आपण खोट म्हणतो, ती छाटण्याआधी तिने काय काय धरून ठेवलं आहे ते नीट पाहावं, आणि जो वाकडेपणा जात नाही, तो ओळखून नेम धरावा.