बिनचुलीचं घर

फार जुनी गोष्ट आहे. तुमच्या-आमच्या पणज्यांनीही ती कोणाकडून तरी ऐकलेलीच. घाटाच्या पायथ्याशी एक पेठ होती. घाट चढणारे-उतरणारे सगळे तिथे थांबत, त्यामुळे पेठेत राहायला जागा मिळणं कठीण, आणि ज्याची स्वतःची जागा असेल त्याला मरेपर्यंत ददात नाही, असं लोक म्हणत.

जवळच्या गावात एक तांबट आणि त्याची बायको राहत. हंडे-कळशा ठोकून ठोकून तांबटाचे खांदे निकामी झाले होते, कानही अर्धे गेले होते. मूलबाळ नव्हतं. उद्या हात चालेनासे झाले तर खायचं काय, ही एकच धास्ती दोघांना होती. शेवटी त्यांनी राहतं घर विकलं, भट्टीसकट दुकान विकलं आणि पेठेत एक कौलारू घर घेतलं. मागच्या पडवीत आपण राहायचं, पुढचं घर भाड्याने द्यायचं, आणि त्या भाड्यावर म्हातारपण काढायचं. घराची किल्ली हातात आली तेव्हा बायको म्हणाली, "आता आपल्याजवळ दुसरं काहीच उरलं नाही. जपा."

इथवर सगळं शहाणपणाचंच होतं. पण माणूस विचार करून घर घेतो आणि मग त्या घराच्या प्रेमात पडतो, तिथे त्याचा विचार संपतो. तांबटाने भिंतींना चुना दिला, वाळल्यावर पुन्हा दिला. मग तो रस्त्यापलीकडे जाऊन उभा राही आणि आपल्याच घराकडे टक लावून बघत बसे. नव्या नवरीकडेसुद्धा त्याने कधी असं बघितलं नव्हतं.

पहिला भाडेकरू आला तो एक शिंपी. सोबत बायको आणि तीन लेकी. माणसं सरळ होती, भाडं कधी मागावं लागलं नाही. शिंपीण जमीन सारवून लखलखीत ठेवी. वानरांनी कौलं हलवली तर शिंपी न सांगता वर चढून ती सारखी करी. पाणी भिंतीशी साचू नये म्हणून त्याने मागून चरही खणला. तांबटाला यातलं काहीच दिसलं नाही. त्याला दिसला तो चुलीवरच्या भिंतीला आलेला काळा पट्टा.

मग काय विचारता! हा गृहस्थ ओलं फडकं घेऊन वेळी-अवेळी भाडेकरूच्या घरात शिरू लागला. लेकींनी भिंतीला हात लावला की ओरडे. एक दिवस त्याने फर्मान काढलं, घरात चूल पेटवायची नाही.

"काका, चूल नाही तर ते घर कसलं?" शिंपीण म्हणाली. "लेकींना काय खायला घालू?"

अंगणात मांड, असं तांबटाने सांगितलं. तिने मांडली. उन्हात बसून भाकऱ्या थापल्या, थंडीत थापल्या. पावसाळ्यात मात्र चूल विझायची आणि पोरी कोरडे पोहे चावून झोपायच्या. पावसापुरती तरी चूल आत घेऊ द्या, म्हणून तिने हात जोडले. तांबटाने भिंतीकडे बघितलं आणि नकाराची मान हलवली.

त्याच्या बायकोला ते बघवेना. ती म्हणाली, "अहो, धूर लागतो म्हणून तर वाशांना कीड लागत नाही. माझ्या आईच्या घराचं आढं काळंकुट्ट होतं, पण कधी वाकलं नाही."

"तुझ्या आईच्या घराचं भाडं येत नव्हतं," तांबट म्हणाला.

शिंप्याने बिऱ्हाड हलवलं. निघताना तो दारात थांबून म्हणाला, "काका, घर आम्हाला राहायला दिलं होतं की राखायला?" तांबटाला कमी ऐकू येई. त्या दिवशी ते त्याच्या चांगलंच पथ्यावर पडलं.

पुढे एक अत्तराचा व्यापारी आला. त्याला फक्त माल ठेवायला जागा हवी होती. तो फिरतीवर असे, राहणार नव्हता, शिजवणार नव्हता, आणि भाडं शिंप्याच्या दुप्पट देत होता. तांबटाला आभाळ ठेंगणं झालं. ना धूर, ना पोरं, ना कटकट. घराला कुलूप लागलं. तांबट रोज खिडकीच्या फटीतून आत डोकावे, पांढऱ्या भिंती बघे आणि समाधानाने जेवायला बसे.

आत सारवायला कोणी नव्हतं. कौल सरकलं तर सांगायला कोणी नव्हतं. मागचा चर बुजून गेला. एकदा बायकोने खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून त्याला दाखवलं. बोटावर बारीक पिवळसर भुकटी होती. लाकूड पोखरलं जातंय, वर कोणाला तरी चढवा, असं तिने परोपरीने सांगितलं. धूळ आहे, म्हणून त्याने ती फुंकून टाकली.

पुढच्या पावसाळ्यात भर दुपारी आढं मोडलं. छप्पर कौलांसकट खाली आलं आणि अत्तराच्या सगळ्या कुप्या फुटल्या. साऱ्या पेठेत गुलाब आणि केवडा दरवळला. लोक वास घ्यायला म्हणून आले, मोडलेलं घर बघून हसले आणि निघून गेले. भिंती मात्र उभ्या होत्या, पांढऱ्याशुभ्र.

पंच बसले. छपरावर शेवटचं कोण चढलं होतं, असं त्यांनी विचारलं. तांबटाला शिंप्याचं नाव घ्यावं लागलं, आणि ते घेताना त्याची मान खाली गेली. व्यापाऱ्याच्या नुकसानीपोटी घराची जागा व्यापाऱ्याला गेली.

बायकोचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. बहिणीला मी जन्मभर सांभाळीन, म्हणाला, पण राहतं घर विकून हे करणाऱ्या माणसाला माझ्या दारात जागा नाही. तांबटाला वाटलं, ती भावाशी भांडेल. ती गाडीत चढून बसली. रागावलेली नव्हती, नुसती थकलेली होती.

"तुम्ही भिंती जपल्यात," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तुम्ही आपल्याला जपाल."

गाडी गेली. तांबट धर्मशाळेत राहू लागला. नवा वाटसरू आला की त्याला आपली वळकटी उचलून जागा सोडावी लागे, आणि त्या पेठेत वाटसरू रोजच येत.

लहानांनो, थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: भाडेकरूला घरात जगू दिलं, तरच मालकाचं घर जगतं.