बाळंतखडकावरचा साक्षीदार

फार पूर्वी समुद्रकाठच्या एका कोळीवाड्यात जोमा नावाचा एक साक्षीदार राहायचा. साक्षीदार म्हणजे चावडीत उभा राहून शपथा घेणारा नव्हे हं! हा मासेमारीच्या मचव्यावरचा साक्षीदार. याचं काम एकच. डोळे उघडे ठेवून बघायचं आणि बघितलं तसं गावाला कळवायचं.

ही रीत उगाच पडली नव्हती. गावाच्या उत्तरेला समुद्रात एक मोठा खडक होता. विणीच्या दिवसांत गाभोळीने भरलेली मासळी तिथल्या निवांत पाण्यात अंडी घालायला यायची, म्हणून त्याला म्हणायचे बाळंतखडक. कधीकाळी हाव सुटलेल्या लोकांनी तिथेच जाळी ओढली, पोटुशी मासळी पाट्या भरभरून घरी आणली. मग काय व्हायचं ते झालं. पुढची तीन वर्षं जाळ्यात शेवाळाशिवाय काही आलं नाही. लेकरं उपाशी झोपली. म्हातारी माणसं त्या दुष्काळात गेली ती गेलीच.

तेव्हापासून गावाने ठरवलं, की समुद्रात मुक्कामाला जाणाऱ्या प्रत्येक मचव्यावर दुसऱ्या घरचा एक साक्षीदार बसेल. त्याने जाळ्याला हात लावायचा नाही, मासळीत वाटा मागायचा नाही. त्याची चूल गाव सांभाळेल. रोज दुपारी सगळे मचवे भर समुद्रातल्या एका बेटाजवळ जमायचे आणि गावची होडी येऊन मासळी घेऊन जायची. त्या होडीबरोबर साक्षीदाराने एक दोरी पाठवायची. जितक्या पाट्या मासळी, तितक्या तिला गाठी. आणि मचवा आता कुठे जाणार हे सांगायला टोकाला एक चिंधी. दक्षिणेच्या वाळूबेटाला पांढरी, पश्चिमेच्या खोल पाण्याला तांबडी. काळी चिंधी मात्र बाळंतखडकाची. ती आली की मचवा वर्षभर वाळूवर ओढून ठेवायचा, मग तो कुणाचा का असेना.

जोमा बारा वर्षं साक्षीदार होता आणि एकदम नाकासमोर चालणारा. एकदा तर त्याने सख्ख्या मामाच्या मचव्यावरून काळी चिंधी पाठवली होती! मामाने वर्षभर त्याचं तोंड बघितलं नाही. पण गावात म्हण पडली, की सूर्य एक वेळ पश्चिमेला उगवेल, जोमाची दोरी खोटी निघणार नाही.

त्या वर्षी जोमा पोशा तांडेलाच्या मचव्यावर होता. तांडेल म्हणजे मचव्याचा म्होरक्या. तो, जोमा आणि दोन खलाशी, असे चौघे. पोशा मोठा गमत्या माणूस. जेवताना जोमाला चिडवायचा, "लोक पाण्यात राहून माशाशी वैर करत नाहीत. हा जोमा बघा, माशांशी सोयरीक करतो आणि माणसांशी वैर!" जोमालाही हसू यायचं. असा माणूस कुणाला आवडणार नाही?

पण त्या खेपेला पोशाच्या तोंडचं हसू पळालं होतं. आठ दिवसांवर लेकीची हळद आली होती. हळदीला गावाला मासळीचं जेवण घालायचं, ही कोळ्याची अब्रू. आणि पाच दिवस जाळं रिकामं येत होतं.

सहाव्या दुपारी बेटाजवळ पोशा जोमाशेजारी येऊन बसला. हळूच म्हणाला, "जोमा, आज एक रात्र बाळंतखडकाला जातो. एकच रात्र. तू पांढरी चिंधी बांध."

जोमा म्हणाला, "तांडेल, हे माझ्याच्याने व्हायचं नाही."

"बारा वर्षांत तुझ्याकडे कधी काही मागितलं?"

"नाही."

"मग लेकीसाठी मागतो. काळी बांधलीस तर मचवा वर्षभर वाळूवर. लग्न मोडेल रे पोरीचं! तुझ्या अंगाखांद्यावर खेळलेली पोर ती." आणि एवढा दांडगा तांडेल, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं होतं सरळ! म्हणायचंच होतं. मामाला नाही म्हणणं सोपं होतं, कारण मामाने दमदाटी केली होती. पोशाने हात जोडले. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही. जोमाने मान खाली घातली आणि दोरीला पांढरी चिंधी बांधली. होडी गावाकडे गेली. बाकीचे मचवे पांगल्यावर पोशाचा मचवा उत्तरेला वळला.

संध्याकाळी जाळं टाकलं आणि ते वर येईना, इतकं भरलं. सगळी गाभोळीची मासळी. खलाशी नाचायला लागले. जोमा मात्र तिकडे पाठ करून बसला.

पहाटे वारा फिरला. दक्षिणेकडून असं वादळ उठलं, की डोलकाठी कडाडकन मोडली. मासळीने जड झालेला मचवा वळता वळेना. लाटेने तो उचलून खडकावर आपटला आणि त्याच्या फळ्या झाल्या. चौघं कसेबसे खडकावर चढले. पोशाच्या छातीला मोठा मार बसला होता, त्याला श्वास घेववत नव्हता.

उजाडलं. एक खलाशी म्हणाला, "घाबरू नका तांडेल, गाव येईल. आपल्या गावाने कधी कुणाला समुद्रात टाकलं नाही."

आणि खरंच गाव निघालं. वादळ उठताच बाकीचे मचवे बंदरात परतले होते, एकट्या पोशाचा आला नव्हता. समुद्र अजून खवळलेला होता, तरी बंदरातून एकामागून एक शिडं बाहेर पडली. लांबून ती इवलीइवलीशी दिसत होती. खलाशांनी डोक्याचे रुमाल काढून हलवले. गळा फाटेस्तोवर ओरडले. जोमाही ओरडत होता.

शिडं बंदराबाहेर आली आणि सगळीच्या सगळी दक्षिणेला वळली.

खडकावर सगळ्यांना कळलं होतं. दोरीवर पांढरी चिंधी होती ना! दुसऱ्या कुणाची दोरी असती तर गावच्या पाटलांनी दोन मचवे वाळूबेटाला धाडले असते, दोन पश्चिमेला, दोन इकडे. पण दोरी जोमाची होती. तिच्यावर शंका कोण घेणार?

पोशा पडल्या पडल्या ती शिडं बघत होता. तुटक्या आवाजात म्हणाला, "जोमा, बघ तुझा शब्द गावात केवढा मोठा आहे. एक माणूससुद्धा इकडे आला नाही."

जोमाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "तांडेल, मला माफ करा."

"तू कशाला माफी मागतोस? मीच बांधायला लावली ती चिंधी," पोशा म्हणाला. दुपार कलली तेव्हा त्याचा श्वास थांबला. जोमा ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी वाळूबेटाला काही सापडेना, तेव्हा मचवे पांगले आणि एकाला खडकावरची माणसं दिसली. तिघं जिवंत आणि एक प्रेत घेऊन ते गावात परतले. किनाऱ्यावर सगळा कोळीवाडा उभा होता. पाटलांनीच जोमाला धरून खाली उतरवलं. म्हणाले, "बाबा रे, तू कळवलंस तिथे आम्ही दिवसभर शोधलं. वाऱ्याने तुम्हाला थेट उत्तरेला ढकललं, त्याला तू तरी काय करणार?"

खलाशांनी एकमेकांकडे बघितलं आणि ते गप्प राहिले. मेलेल्या माणसाच्या नावाला बट्टा कशाला? शिवाय पोशाच्या घरी आणखी एक जुनी होडी होती. खरं सांगितलं तर फुटलेल्या मचव्याच्या बदल्यात तीही वाळूवर जाणार, त्याच्या बायकोने मग खायचं काय? जोमाने एक शब्द काढायची गरज नव्हती. वाऱ्याने सगळा दोष आपल्या माथी घेतला होता.

तेवढ्यात पोशाची बायको चांगुणा पुढे आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिने जोमापुढे हात जोडले. "जोमाभाऊ, शेवटी तुम्ही त्यांच्याजवळ होतात. तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

ते मात्र जोमाला सोसवलं नाही. तो वाळूत मटकन बसला. "वहिनी, वाऱ्याने नाही नेलं. आम्ही आपल्या पायांनी गेलो होतो. पांढरी चिंधी मी खोटी बांधली."

चांगुणाने विचारलं, "का बांधलीत?"

"तांडेलांची दया आली. काळी बांधली असती तर मचवा वर्षभर वाळूवर राहिला असता. पोरीचं लग्न मोडलं असतं. तांडेल वर्षभर घरात रिकामे बसले असते."

चांगुणा ओरडली नाही, तिने शिव्या दिल्या नाहीत.

"बसले असते की हो, भाऊ," ती म्हणाली. "माझ्या घरात बसले असते."

तात्पर्य: ज्याच्या शब्दावर गाव विसंबतं, त्याने मायेपोटीही खोटं कळवू नये, कारण मोडलेलं लग्न पुन्हा जुळतं, गेलेला माणूस परत येत नाही.